बंबाला नवी नळी

नाशिकच्या भांडी बाजारात पाणी तापवायचा जुना तांब्याचा बंब घेऊन गेलं, की दुकानदार आधी तो कडीला धरून उचलून बघतो आणि मग त्याची नजर काट्याकडे वळते. गळतो कुठे, हे कोणी विचारत नाही. "मोडीत घालायचाय ना?" एवढंच. नाही, दुरुस्त करायचाय म्हटलं की त्याचा आपल्यातला रस संपतो. एकाने तर समजूत घातली, "अहो ताई, आज तांब्याला भाव आहे, देऊन टाका. एवढ्यात गिझर येऊन वर पैसे उरतील."

गिझर आमच्याकडे होता. हवा होता तो बंबच.

हा बंब आजेसासूबाईंच्या वेळचा. तिवंध्यातला वाडा सोडून घर गंगापूर रोडला आलं तेव्हा तोही आला आणि माळ्यावर जाऊन बसला. त्याची आठवण झाली ती मखमलाबादच्या मळ्यात दोन खोल्या बांधल्या तेव्हा. द्राक्षबाग म्हटली की एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी आलीच, आणि छाटणी झाली की बांधावर काड्यांचे ढीग. लाइट कधी असते, कधी नसते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बागेत गेलेला माणूस परत येतो तेव्हा त्याची बोटं वळत नाहीत. काड्या फुकटच्या, पाणी विहिरीचं, बंब घरचा. फक्त तो गळत होता.

ज्यांनी बंब आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. बाहेर पाण्याची टाकी, तिच्या मधोमध खालपासून वरपर्यंत गेलेली उभी नळी. नळीच्या तळाशी जाळी, जाळीवर विस्तव, खाली राखेचा कप्पा. धूर नळीतून वर निघून जातो आणि जाता जाता चारी बाजूंचं पाणी तापवतो. म्हणजे इथे विस्तव भांड्याखाली नसतो, भांड्याच्या पोटात असतो. तांबं उष्णता वाहून नेतं ते स्टेनलेस स्टीलच्या जवळजवळ पंचवीस पटींनी, म्हणून मूठभर काड्यांत बादलीभर पाणी कढत होतं. पण सगळा मार त्या नळीला बसतो. आतून विस्तव, बाहेरून पाणी, आणि पाणी भरायला कोणी विसरलं की नुसताच विस्तव.

आमचा बंब याआधी एकदा 'दुरुस्त' झालेला होता. एका दुकानात दिला, दुसऱ्या दिवशी परत मिळाला, पाणी भरून दाखवलं, थेंब नाही. मळ्यावर नेला, पेटवला. पाणी कोमट होईपर्यंत ठीक चाललं. काढून घेतल्यावर निखारे तसेच राहिले आणि दुसऱ्यांदा भरायला घेतलं तर राखेच्या कप्प्यातून चिखल वाहायला लागला. जाळीखाली चमकणारा चपटा गोळा सापडला. त्या दुकानाने लावलेला डाक, म्हणजे सांध्यात वितळवून भरलेलं कथील, वितळून खाली आला होता.

तांबट गल्लीचा रस्ता मला भांडी बाजारातल्याच एका म्हाताऱ्या दुकानदाराने दाखवला. बंब त्यांनीही उचलून बघितला, पण काट्याकडे न बघता आत डोकावले. त्यांच्या दुकानाच्या भिंतीवर गोदावरीच्या पुराची रेघ आहे. २००८ ला पाणी आलं, २०१६ ला परत आलं, सराफ बाजार आणि भांडी बाजार दोन्ही गाळात. "स्टीलवाल्यांचे खोके भिजले, लेबलं गेली, माल पडत्या भावात काढला. माझं तांब्या-पितळेचं काय? धुतलं, चिंच लावली, परत टांगलं." मग म्हणाले, "हे काम दुकानात होत नाही. दुकान विकतं. ठोकणाऱ्याकडे जा."

जुनी तांबट गल्ली बऱ्याच नाशिककरांना माहीत आहे ती रंगपंचमीमुळे. शहरात पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंग खेळायचे हौद, मोजक्याच उरल्यात, त्यातली एक तिथे आहे. वर्षभर जमिनीखाली झाकलेली, रंगपंचमीला उघडतात आणि माणसं धपाधप उड्या मारतात. एरवी त्या बाजूला फारसं कोणी फिरकत नाही. हातोड्यांचा आवाज पूर्वी दिवसभर चालायचा असं सासूबाई सांगतात. दुपारी झोप लागायची नाही म्हणून तिवंध्यापर्यंतची माणसं कुरकुर करायची. आता आवाज शोधत जावं लागतं. मी तसंच केलं.

तिथे एक तांबटकाका सापडले. काकांचं कारखान्याचं दार एवढं बुटकं की बंब आडवा करून आत न्यावा लागला. आत जमिनीत रोवलेले लोखंडी खुंटे, काहींची डोकी गोल, काहींची चपटी, एक म्हशीच्या शिंगासारखा वाकडा. भिंतीला हातोड्या. कोपऱ्यात कोळशाची भट्टी, तिला वाऱ्यासाठी पूर्वी चामड्याचा भाता होता, आता विजेचा पंखा. काका साठीच्या पुढचे, मोठ्याने बोलणारे. आयुष्यभर तांबं ठोकलेल्या माणसाला आपण हळू बोललेलं ऐकू येत नाही, हे लक्षात आल्यावर मीही ओरडून बोलायला लागले.

"कोणी हात लावला होता?" त्यांचा पहिला प्रश्न.

मी दुकानाचं नाव न घेता काय झालं ते सांगितलं. त्यांनीही नाव विचारलं नाही. बंबात पाणी भरलं, बाहेरून फडक्याने कोरडा केला आणि सगळ्या सांध्यांवर खडू घासला. मग चहा मागवला. चहा संपेपर्यंत खडूच्या पांढऱ्या रेघेवर तीन ठिकाणी काळपट ओल चढली. नळीच्या आत खडू पोचत नाही, तिथे त्यांनी बॅटरी मारून बोट फिरवलं, बोट माझ्यासमोर धरलं. ओलं.

"टाकी खणखणीत आहे. नळी गेली. खालचा वीतभर कागद झालाय."

मग त्यांनी डाकाचा हिशेब सांगितला, आणि तो मला फार आवडला. कथील २३२ अंशांना वितळतं. त्यात शिसं मिसळलं की त्याच्याही आधी. काका अंश-बिंश म्हणाले नाहीत. म्हणाले, "पाणी मागे आहे तोवर कथलाचा डाक धरतो. पाण्याने तांबं गार राहतं ना. पाणी खाली गेलं, की विस्तवाला कोण आवरणार? म्हणून दुकानात पाणी भरून दाखवतात तेव्हा थेंब पडत नाही. तिथे विस्तव कुठे असतो?" बंबाच्या नळीला पितळेची झाळच, म्हणजे पितळ वितळवून केलेला जोडच, लागतो. झाळ नऊशे अंशांच्या आसपास वितळते, काड्यांच्या जाळाला बधत नाही.

पण आधी जुनं कथील पूर्ण काढायचं. कथलाचा अंश जरी राहिला तरी पितळ तांब्याला नीट धरत नाही, आणि भट्टीच्या तावात तेच कथील तांब्यात शिरून त्याला ठिसूळ करतं. त्यामुळे जे काम मूळच्या गळतीचं होतं त्यापेक्षा जास्त काम आधीच्या दुरुस्तीने करून ठेवलेलं होतं. शिवाय त्या दुकानाने डाकावरून कसलीतरी लांबीही, म्हणजे भेगा बुजवायचा लगदाही, थापली होती. ती जळताना कारखान्यात असा वास सुटला की काकू माडीवरून खाली आल्या.

पैशांचं बोलणं इथे झालं. ते मी सविस्तर सांगते, कारण बंबापेक्षाही ते माझ्या डोक्यात राहिलंय.

तांब्या-पितळेच्या धंद्यात सगळं वजनावर चालतं. व्यापारी पत्रा मोजून देतो, कारागीर भांडं मोजून परत करतो, कातरणाची घट वजा होते आणि मजुरी किलोमागे ठरते. हंडा असो, घागर असो, कळशी असो, किलोला इतके. गिऱ्हाईकही दुकानात तेच विचारतं, "किलोला काय भाव?" काकांच्या वडिलांनी आयुष्यभर असंच काम केलं, पत्रा व्यापाऱ्याचा, हात यांचा. जाड पत्र्याचा मोठा हंडा केला तर चार पैसे सुटतात. छोटं, नाजूक, जास्त ठोक्यांचं भांडं केलं तर वजन कमी म्हणून मजुरी कमी. एक पळी-पंचपात्र हंड्यापेक्षा निगुतीचं काम मागतं, पण काट्यावर त्याची किंमत काय?

"आता तुमचंच बघा," काका म्हणाले. "नवा पत्रा लागणार किलो-सव्वा किलो. काम चार दिवसांचं. किलोवर मागू तर चहाचे पैसे सुटत नाहीत. चार दिवसांचे मागू तर तुम्ही म्हणाल, एवढ्यात गिझर येतो."

मी म्हटलं, चार दिवसांचे सांगा. त्यांनी आकडा सांगितला. तो पत्र्याच्या किमतीच्या दुपटीहून जास्त होता. नवऱ्याला फोन करावा असं एकदा मनात आलं, केला नाही. त्याने घासाघीस केली असती आणि काकांनी बंब परत दिला असता. अशी दोन गिऱ्हाइकं नंतर माझ्यासमोरच परत गेली.

कथील काढायचं काम कंटाळवाणं. तापवा, फडक्याने पुसा, खरवडा, परत तापवा. त्या वेळात गप्पा झाल्या. मी त्यांना 'तुम्ही कासार लोक' असं काहीतरी म्हणाले तर त्यांनी खरवडणं थांबवून मला शिस्तीत समजावलं. बांगड्या भरणारे कासार वेगळे, ओतकाम करणारे ओतारी वेगळे. "आम्ही त्वष्टा कासार. ठोकणारे. साच्यात ओततो तो ओतारी, पत्र्यातून उचलतो तो तांबट." त्वष्टा म्हणजे ज्याने इंद्राला वज्र घडवून दिलं असं ऋग्वेदात आहे तो. पुढे परंपरेने त्याला विश्वकर्म्याच्या पाच मुलांत बसवलं: मनूकडे लोखंड, मयाकडे लाकूड, त्वष्ट्याकडे तांबं-पितळ, शिल्पीकडे दगड आणि पाचव्याकडे सोनं. काकांच्या देव्हाऱ्यात कालिकेचा टाक आहे. खंडेनवमीला हातोड्या धुऊन तिच्यापुढे मांडतात. सोनाराचा उल्लेख आला की त्यांच्या आवाजात जरा धार येते. "तो गुंजेवर मजुरी घेतो, आम्ही किलोवर. एकाच बापाची पोरं म्हणे!"

नळीचा खालचा खराब भाग कापून टाकला. वरचा भाग चांगला होता, तो ठेवला. नवा पत्रा मुंबईच्या तांबाकाट्याच्या धातूबाजारातून आलेला, गुळगुळीत आणि लालसर गुलाबी. त्याची सुरळी करून दोन कडा जोडायच्या, पण नुसत्या एकमेकींवर ठेवून नाही. एका कडेला छन्नीने दाते पाडले, एक आड एक वर-खाली वाकवले, दुसरी कड त्यांच्या मधे घुसवली आणि खुंट्यावर ठेवून ठोकून सपाट केलं. सांधा आता सरळ रेघेऐवजी नागमोडी दिसायला लागला. जुन्या हंड्यांच्या अंगावर अशी पिवळट नागमोडी रेघ असते, बघा तुमच्या घरच्या. मला इतकी वर्षं ती नक्षी वाटायची.

मग झाळ. पितळेचा कीस आणि टाकणखार पाण्यात कालवून त्याचा लगदा सांध्यावर बोटाने लिंपला आणि नळी निखाऱ्यांवर धरली. आधी टाकणखार लाहीसारखा फुलला, मग बसला आणि काचेसारखा पातळ झाला. पंख्याचा वारा वाढवला. तांब्याचा रंग गेला, काळं झालं, मग गडद लाल, मग उजळ लाल, आणि सांध्याच्या कडेने हिरवी ज्योत दिसायला लागली. काकांनी बोलणं बंद केलं. इथे चूक करायला जागा फार थोडी असते. पितळ वितळतं त्यापुढे दीड-दोनशे अंशांवर, १०८५ ला, तांबंच वितळतं. कीस अजून दाणेदार दिसत होता, दिसत होता, आणि एका क्षणात त्याचं पाणी होऊन ते नागमोडी रेघेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरसर पळालं. पांढऱ्या धुराचा एक झोत उठला. तोवर नळी बाहेर आलेली होती. मी 'झालं?' विचारेपर्यंत काकांनी विडी पेटवली होती.

हाच प्रकार नवा तुकडा जुन्या नळीला जोडताना आणि नळी टाकीच्या तळाला बसवताना. ते मात्र भट्टीत धरता येत नाही, बंब केवढा! तिथे मुलगा लागला. तो सातपूरला एका कंपनीत सीएनसी मशीन चालवतो, संध्याकाळी सुटला की येतो. त्याने गॅसची बत्ती लावली, वडिलांनी दोन्ही बाजूंनी ओल्या मातीचा लेप दिला म्हणजे शेजारची झाळ तापून सुटू नये, आणि दोघं मिळून नळीभोवती फिरले. बाप हाताने खूण करतो, मुलगा ज्योत मागे घेतो. त्यांच्यात एक शब्दही झाला नाही. झाला असता तरी ऐकू गेला नसता. मुलाला मी विचारलं, धंदा पुढे चालवणार का? या प्रश्नाचा त्याला कंटाळा आलेला दिसला. "कंपनीत पगार किलोवर नाही मिळत," म्हणाला आणि बत्ती विझवली.

तापवलेलं तांबं मऊ असतं. पोलाद लाल करून पाण्यात घातलं की कडक होतं, तांब्याला तो नियम लागू नाही. लाल तापलं की ते नरमच होतं, पाण्यात घाला वा न घाला. कडक होतं ते ठोकून. आणि ठोकतच राहिलं तर तडकतं, म्हणून मधे मधे परत ताव द्यायचा. हंडा घडवताना हे चक्र कितीदा तरी फिरतं. आमच्या नळीला शेवटी मठारलं.

मठारलेल्या भांड्यावरचे ते एकसारखे चकाकते ठोके लोक शोभेसाठी समजतात, आणि आता मशीनवर नुसते छाप उठवलेले तांबेही तसेच दिसतात. पण मठारण्याने पत्रा दाबला जातो, घट्ट होतो, झाळीजवळचा मऊपणा जातो. हातोडी छोटी, तोंड घासून असं केलेलं की त्यात आपला चेहरा दिसावा. का, तर तिच्या तोंडावर एक ओरखडा असला तर प्रत्येक ठोक्यागणिक तो तांब्यावर उमटेल. काका काम सुरू करण्याआधी ती चामड्यावर घासत बसले ते बराच वेळ बसले. मग नळी खुंट्यावर चढवली. हातोडी जागची हलत नाही. ती एकाच जागी, एकाच उंचीवरून पडते. फिरतं ते भांडं, डाव्या हाताने, प्रत्येक वेळी ठोक्याच्या अर्ध्या रुंदीएवढं. पत्रा खुंट्याला टेकलेला असेल तर टण्ण वाजतं, मधे पोकळी असेल तर बद्द. बद्द वाजलं की त्यांचा डावा हात आपोआप नळी सरकवायचा. मोठ्याने बोललेलंही चुकून ऐकणाऱ्या माणसाला हा फरक कसा कळतो? मी विचारलं. "कानाने नाही, मनगटाने," म्हणाले.

मी हातोडी मागितली. दिली नाही.

पाणी भरून, खडू लावून, परत चहा. या वेळी सांधे कोरडे. पण तोटी ठिबकत होती. पितळेची जुनी तोटी, तिचा आतला खिट्टा झिजलेला. काकांनी दोऱ्याचे दोन वेढे दिले असते आणि काम भागलं असतं. मुलाने खिट्ट्याला घासायची बारीक पेस्ट लावली आणि तो तोटीतच पुन्हा पुन्हा फिरवत बसला, दोन्ही झिजून एकमेकांत बसेपर्यंत. हे तो कंपनीत शिकला की घरात, दोघांनी दोन वेगळी उत्तरं दिली.

शेवटचं घासणं काकूंचं. चिंच, मीठ, थोडी बारीक राख, आणि नारळाची शेंडी. बंब एवढा मोठा की त्या अंगणात पाट टाकून त्याच्याभोवती सरकत होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा भाता ओढायलाही त्याच बसायच्या. "यांचं कुठे काय छापून येतं तेव्हा फोटो यांचाच असतो," म्हणाल्या. "ठोकलेलं कोणाला दिसतं हो? दिसते ती माझी चिंच."

बंबाला आतून कल्हई लागत नाही, अंघोळीच्या पाण्यासाठी तशी गरजच नाही. पण मी एक पितळी पातेलंही नेलं होतं, सासूबाईंना त्यात आमटी करायची होती. चिंच, कोकम, ताक असलं आंबट काही कल्हई गेलेल्या तांब्या-पितळेत ठेवलं की कळकतं, ते पोटात जाऊ नये. काकांकडे कल्हईचं काम आठवड्यातून एखाद्या दिवशी, भांडी साठली की. पातेलं तापवलं, नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर डोळ्यांत गेला, कथलाची कांडी आत टेकवून कापसाच्या बोळ्याने झर्रकन फिरवली आणि पिवळं पातेलं आतून चांदीचं झालं. हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. न पाहिलेली गोष्ट त्याआधीची. काकांनी कथलाची नवी कांडी माझ्या कानाशी धरली आणि वाकवली. आतून बारीक चरचर ऐकू आली. शुद्ध कथील वाकवताना असं बोलतं. शिसं मिसळलेलं गप्प राहतं आणि कागदावर घासलं तर पेन्सिलीसारखी काळी रेघ ओढतं. शिशाची कल्हई स्वस्त पडते, दिसते तशीच, आणि त्या भांड्यातली आमटी आपण पोरांना वाढतो. तुमच्या दारावर कल्हईवाला आला तर कांडी वाकवून दाखवायला सांगा. चांगला कारागीर रागावणार नाही.

बिल त्यांनी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानावर लिहिलं. पत्रा इतका, किंमत इतकी. पितळ कीस, टाकणखार, कोळसा, गॅस. जुन्या नळीचा कापलेला तुकडा मोडीच्या भावाने वजा, तोही काट्यावर टाकून. सगळ्यात खाली 'हात' असं लिहून मजुरीचा आकडा, ठरला होता तोच. ती ओळ तेवढी काट्याविना होती. नवऱ्याने घरी बिल वाचलं, गिझरची किंमत काढलीच, मग मळ्यावर पहिल्या दिवशी कढत पाणी अंगावर घेतल्यावर विषय सोडला.

बंब मळ्यावर आता हिवाळाभर रोज पेटतो. पाणी आधी, विस्तव मग, आणि विझवताना उलट. निखारे पूर्ण काढल्याशिवाय टाकी रिकामी करायची नाही, हे गड्याला आणि पाहुण्यांना दोघांनाही सांगावं लागतं. नळीतली काजळी आठवड्याला काठीला फडकं बांधून काढतो, नाहीतर पाणी तापायला वेळ लागतो. पातेल्यात कोरडी फोडणी करायची नाही, रिकामं गॅसवर ठेवायचं नाही, तारेची घासणी लावायची नाही. कल्हई गेली की परत न्यायचं.

तुम्हाला कोणाला जायचं असेल तर नवरात्राच्या आधी जा. खंडेनवमीनंतर धनत्रयोदशीपर्यंत त्यांच्याकडे कळशा आणि समया घासून-ठोकून घेणाऱ्यांची रीघ असते, दुरुस्तीला हात लागत नाही. आणि आता सिंहस्थ जवळ आलाय. गोदेचं पाणी भरून न्यायचे छोटे तांब्याचे गडू आधीच येऊन पडायला लागलेत, ते मशीनवरचे, पण बुडाला झाळ द्यायला इथेच येतात. किलोला किती पडते विचारू नका. भांडं रिकामं आणि कोरडं न्या. आधी कोणी हात लावला असेल, लांबी किंवा डाक थापला असेल, तर आल्या आल्या सांगा. लपवलंत तरी तापवल्यावर त्यांना कळतंच, आणि मग 'हात'च्या पुढचा आकडा वाढतो.